टिटवीचं छप्पर

"उंची खंयसून मोजल्यानी हा?" बाबांनी फोनवर विचारलं.

मी मुंबईत, कॉलेजच्या ग्रंथालयात उभी होते. फोन मुख्य टेबलावर होता आणि त्याची वायर ताणून मी कपाटांच्या बोळात जाता येईल तेवढी आत गेले होते, कारण बाबा फोनवर ओरडून बोलत. कातळखोलहून मुंबईपर्यंत आवाज पोचवायचा म्हणजे ओरडायलाच हवं, असा त्यांचा हिशेब. ते सदू वाण्याच्या दुकानातून बोलत होते. मागे कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचाही आवाज येत होता.

"खंयसून म्हणजे?"

"पाच फूट सात इंच म्हणतंस, ते खंयसून खंयपर्यंत? पठाणापासून काय फळयेपासून?"

पठाण म्हणजे होडीचा कणा. पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तळातून गेलेलं एकच लांब लाकूड. त्याच्या वीतभर वर, माणसाला चालता यावं म्हणून, फळ्या टाकतात. या होडीत दोहोंमध्ये आठ इंच अंतर होतं. मी मेस्त्रीची मुलगी. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

"फळीपासूनच असणार, बाबा. माणूस फळीवर उभा राहतो."

"असणार, काय आसा?"

"आहे."

"माका खूप वाटता गो. माझो डोळो पाच फुटाच्या आत सांगता."

"बाबा, छापलेलं आहे."

पलीकडे नारळ सोलणं थांबलं होतं. दुकानातली माणसं ऐकत असणार.

"तू बघितलंस मां नीट?"

"बघितलं."

"मगे झाला," बाबा म्हणाले. "जेवलंस?"

मी बघितलं नव्हतं.

*

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, कर्णिक नावाचे एक गृहस्थ आमच्या खाडीत चोवीस फुटी शिडाची होडी घेऊन आले होते. घेऊन आले म्हणजे ट्रकवर घालून. बंदरखात्यातून निवृत्त झालेले, ठेंगणे, हौशी, सतत खिशातून टेप काढून काही ना काही मोजणारे. होडीचं नाव 'टिटवी'. विलायती नकाशावरून चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत बांधलेली. तिचा मूळ मालक वारल्यावर ती अलिबागजवळ एका वाडीत पडून होती, आणि एका पावसाळ्यात तिच्यावर माड पडला. फळ्या, वाक म्हणजे आतल्या फासळ्या, पठाण, सगळं शाबूत राहिलं. फक्त मधली केबिन पार चेपली. पुढच्या मालकाने ते भंगार काढून जाळून टाकलं. कर्णिकांनी ती घेतली तेव्हा केबिनच्या जागी एक चौकोनी भोक होतं.

"मेस्त्री, मला नवीन काही नको," ते बाबांना म्हणाले. "जशी होती तशी करून द्या. इंचाचाही फरक नको."

"कशी होती ता कोणी बघला हा?"

"कुणीच नाही. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

बाबांना हे बोलणं आवडलं. त्यांनी तोवर तीस होड्या बांधल्या होत्या. कागदावर एक रेघ न मारता. प्रत्येक होडीची एक मापकाठी असे, सागाची, दोन बोटं रुंद. होडीची सगळी मापं त्या काठीवर खाचा करून घेतलेली. आखूड खाच वाकाची, लांब खाच फळीची, फुलीची खाच छपराची. होडी पाण्यात गेली की तिची काठी मांगरात, म्हणजे बाबांच्या कामाच्या शेडमध्ये, भिंतीवर खुंटीला टांगायची. तीस खुंट्या, तीस काठ्या. लोक मांगरात आले की आपल्या आजोबांच्या, मामांच्या होडीची काठी हुडकून हात लावून बघत.

त्या मे महिन्यात मी गावी होते. बाबा टिटवीच्या भोकात उतरून तासभर उकिडवे बसून राहिले होते. मग वर डोकं काढून म्हणाले, "साहेबानू, काठी खंय आसा?"

"डोलकाठी? ती मुंबईला आहे, एका मित्राच्या गॅरेजमध्ये. शीडही तिथेच. पाण्यात सोडायच्या दिवशी आणतो ट्रकने."

"आधी नाय आणूक गावाची?"

"अहो, तीस फुटी धूड आहे. दोनदा कुठे आणू?"

"काठी नसताना छप्पर घालूचा म्हणजे डोक्याचा माप न घेता टोपी शिवची."

कर्णिक हसले. "टोपीचं माप पुस्तकात आहे मेस्त्री. ह्या जातीच्या होड्यांची एक पुस्तिका छापली होती बांधणाऱ्यांनी. आमच्या क्लबात एक प्रत असायची. आता मला जिने चढवत नाहीत आणि तिथला सेक्रेटरी फोनवर धड बोलत नाही. कुणीतरी जाऊन बघायला हवं."

"मी बघते," मी म्हणाले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नुकती नोकरीला लागले होते. बाबांशीसुद्धा मुंबईचं मराठी बोलायला लागले होते, आणि त्यांनी त्यावर कधी काही म्हटलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या कामाचा आणि त्यांच्या कामाचा कुठेतरी सांधा जुळत होता.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि कर्णिकांना म्हणाले, "आमचा चेडू पुस्तकातलाच आसा." त्यांच्या आवाजात असा अभिमान मी एरवी फक्त फणसाच्या चांगल्या फळीबद्दल ऐकला होता.

*

क्लब समुद्रावरच होता. कर्णिकांची चिठ्ठी दाखवल्यावर सेक्रेटरीने मला वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत नेलं. काचेची कपाटं, पितळी कुलपं, वाळवीचा वास. चिठ्ठी त्याने पुन्हा वाचली.

"पांचाळ म्हणजे?"

"वडील होडी बांधतात. कोकणात."

"सुतार." तो हसला. वाईट हसला असंही नाही, कुणी गंमत सांगितल्यावर हसतात तसा. "सुतारांना पुस्तकं कधीपासून लागायला लागली?"

 त्याने पुस्तिका काढून दिली आणि दारातच उभा राहिला, हातात किल्ल्या वाजवत. पातळ पुस्तिका होती, तीसेक पानांची. मला हवा तो तक्ता मधल्या एका पानावर होता. लांबी, रुंदी, वजन, आणि सातव्या ओळीत 'केबिनची आतली उंची: पाच फूट सात इंच'. आकड्याच्या डोक्यावर एक बारीक तारा छापला होता. अशा ताऱ्याचा अर्थ खाली किंवा पुढे कुठेतरी दिलेला असतो, हे ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

"झालं का?" सेक्रेटरीने विचारलं.

पानाच्या खाली काही नव्हतं. मी पान उलटणार होते.

"झालं," मी म्हणाले.

एवढ्या एका पानाची त्याने मला झेरॉक्स करू दिली. जिना उतरताना माझे कान तापले होते. पुन्हा ह्या जिन्याची पायरी चढायची नाही, असं मी ठरवलं. आकडा मी पत्राने गावी कळवला. बाबांचा फोन आला तो त्यानंतर आठ दिवसांनी.

*

टिटवी पाण्यात जायचा दिवस दसऱ्यानंतरच्या पौर्णिमेचा होता. भरती सकाळी अकराला. मी आदल्या दिवशी एसटीने आले होते. खाडीच्या काठावर सगळं गाव जमलं होतं, कारण विलायती होडी पाण्यात जाताना आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. बाबांनी तिला बाहेरून पांढरी आणि आतून फिकट हिरवी रंगवली होती. फटींत कापूस इतका सफाईने भरला होता की नखाला सांधा लागत नव्हता. नाळेला झेंडूचा हार. आणि मध्ये केबिन, सागाची, चार बाजूंना पितळी चौकटीच्या चार खिडक्या असलेली.

कर्णिक आत जाऊन उभे राहून आले होते. "मेस्त्री, मी पाच फूट पाच!" ते सगळ्यांना सांगत होते. "म्हणजे टोपी घालूनसुद्धा मी आत ताठ उभा! ह्या मापाच्या होडीत कुठे उभं राहायला मिळत नाही हो, सगळीकडे कंबर मोडून घ्यायची."

"लगीन लावूक होया आत," बाबल्या तांडेल म्हणाला. बाबल्या बाबांचा शाळेपासूनचा सोबती. बाबांनी बांधलेल्या दोन होड्यांवर त्याचं घर चाललं होतं, आणि बाबांची टर उडवायचा हक्क गावात फक्त त्याला होता. "वरमाय खयच्या खिडकीत बसतली ता सांगा!"

बाबा हसले नाहीत. ते ट्रकवरून उतरवलेल्या डोलकाठीकडे बघत होते. काठीला मागच्या अंगाला एक लोखंडी कडी होती. शिडाची खालची कड ज्या आडव्या काठीला बांधतात, ती काठी ह्या कडीत अडकते आणि वाऱ्याबरोबर होडीच्या ह्या अंगावरून त्या अंगावर फिरते. बाबा कडीपाशी वाकले. आपला हात त्यांनी काठीच्या बुडापासून कडीपर्यंत लावून बघितला. मग केबिनकडे बघितलं. मग पुन्हा हात लावला.

"काय झालं, बाबा?" मी विचारलं.

"काय नाय."

"मेस्त्रीनू, भरती थांबाची नाय!" कुणीतरी ओरडलं.

आमच्या गावात नवी होडी पाण्यात जाते तेव्हा आधी मेस्त्री चढतो. मालक काठावर थांबतो. मेस्त्रीने वळसा घेऊन यायचं आणि कोरड्या पायाने उतरायचं. मग होडी मालकाची. बाबा चढले. सुकाणू धरायला बाबल्या चढला. पंधरा-वीस माणसांनी डोलकाठी उभी केली, दोर ताणले, नारळ फुटला, आणि टिटवी पाण्यात सरकली.

शीड वर गेलं तेव्हा काठावरच्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. इतकं सुंदर दिसत होतं ते. होडी शंभर हात सरळ गेली. मग बाबल्याने वळवण्यासाठी सुकाणू ढकललं, शीड फडफडलं, आडवी काठी ह्या अंगावरून त्या अंगावर यायला निघाली आणि केबिनच्या छपराच्या कडेवर धाडकन आदळून तिथेच अडकली.

ती छपरावरून जातच नव्हती. छप्पर तिच्यापेक्षा चार बोटं उंच होतं.

बाबांनी दोन्ही हातांनी ती उचलायचा प्रयत्न केला. वारा भरलेलं शीड एका माणसाला उचलतं कुठे? टिटवी वळायची ती अर्धवट वळली, आडवी झाली आणि हळूहळू, सगळ्यांच्या देखत, काठाच्या चिखलात येऊन बसली. एका बाजूला कलली. बाबल्या उडी मारून उतरला. त्याच्या मागून बाबा उतरले, गुडघाभर चिखलात. धोतर वर धरायचंही त्यांना सुचलं नाही.

आधी कुणी हसलं नाही. मग बाबल्याच हसला. "मेस्त्र्यान होडी बांधल्यान काय घर बांधल्यान?" तो ओरडला. "आता वर कौला घाला, मेस्त्रीनू!"

आणि मग सगळा काठ हसला. मुलं, बायका, नारळ फोडणारा गुरव, सगळे.

कर्णिक हसत नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते बाबांकडे न जाता माझ्याकडे आले.

"पुस्तकात पाच सातच होतं ना, बाई? तुम्हीच बघून आलात."

माझ्या पर्समध्ये ती झेरॉक्स होती. घडी घातलेली. आकड्याच्या डोक्यावरचा तारा मला न उघडता दिसत होता. मी तोंड उघडलं.

"पुस्तकात बरोबर हा, साहेबानू," मागून बाबा म्हणाले. ते चिखलातून वर आले होते. "माझ्या हातान चुकला. काठयेर खूण मी चुकीची घातलंय. बारा दिवस द्या. उतरवून देतंय."

"तुमच्या हातून?" कर्णिक म्हणाले. "अहो, चार-चार बोटं?"

"वय झाला."

बाबा तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते.

कर्णिक त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी तेव्हाही बोलू शकले असते. काठावर हसू अजून चालू होतं, आणि मी बोलले असते तर ते माझ्याकडे वळलं असतं. मी तोंड मिटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला एसटीपर्यंत सोडायला आले. सदूच्या दुकानासमोरून जाताना आतून एक पोरकट आवाज आला, "घरमेस्त्री!" आणि मग दाबलेलं हसू. बाबांनी माझी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

थांब्यावर आम्ही दोघंच होतो.

"पुस्तकात तसाच होता मां?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता. रस्त्याकडे बघत, गाडी येते का ते बघावं तसं.

"हो," मी म्हणाले.

"फळयेपासून?"

"हो, बाबा."

"मगे झाला." मग म्हणाले, "पोचलंस काय कागद घाल."

*

त्यांनी छप्पर बारा दिवसांत उतरवलं. टिटवी दुसऱ्यांदा पाण्यात गेली तेव्हा काठावर बाबल्या आणि कर्णिक असे दोघेच होते, असं मला पुढे कळलं. बाबा कोरड्या पायाने उतरले. कर्णिक होडी घेऊन गेले.

पण नाव चिकटलं ते चिकटलं. घरमेस्त्री. त्या वर्षी दोन गिऱ्हाईकं खाडीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या मेस्त्र्याकडे गेली. पुढच्या वर्षी कुणी आलंच नाही. मग प्लास्टिकच्या होड्या आल्या, आणि कारण विचारायची सोय राहिली नाही. बाबा खिडक्या करायचे, दारं करायचे, देवळाचा एक सुंदर दरवाजा केला. भिंतीवर एकतिसावी काठी कधी टांगली गेली नाही. मी एकदा विचारलं, टिटवीची काठी कुठे आहे? म्हणाले, "चुलीत गेली."

मी क्लबात परत कधी गेले नाही. पुढचं पान कधी उलटून बघितलं नाही. न बघितलेल्या गोष्टीची खात्री नसते, आणि खात्री नसलेल्या गोष्टीची माफी कशी मागणार, असं मी स्वतःला सांगत आले. दर मे महिन्यात मी घरी जायचे. बाबा विचारायचे, जेवलंस? मी म्हणायचे, हो. अशी सतरा वर्षं गेली. गेल्या फेब्रुवारीत, मांगराच्या दारात बसल्या बसल्या, बाबा गेले.

पावसाळ्याआधी घर आवरायला मी गावी आले होते, तेव्हा मला गार्गी नाडकर्णी नावाच्या एका बाईंची ईमेल आली. पुण्याच्या होत्या. गोव्यात एक जुनी शिडाची होडी विकायला आहे, चोवीस फुटी, ताडपत्रीखाली बरीच वर्षं पडून आहे, ती घ्यायचा विचार आहे. केबिनच्या दाराच्या आतल्या अंगाला 'भि. पांचाळ, कातळखोल' असं कोरलेलं आहे म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीत फोन करून माझा पत्ता मिळवला होता. विकणारा म्हणतो आत उभं राहता येतं. फोटोवरून तसं वाटत नाही. होडीच्या बांधणीची काही माहिती, काही कागद तुमच्याकडे असतील का? आणि मुख्य म्हणजे, केबिनची उंची नक्की किती?

कागद बाबांकडे कसले असणार? तरी मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. धोतरं, चष्मा, आईचा एक फोटो. तळाशी तिरकी ठेवलेली सागाची एक काठी, दोन बोटं रुंद. तिला सुतळीने एक जाड पाकीट बांधलेलं होतं.

काठीवर फुलीच्या खाचा दोन होत्या. एक खोल, जुनी, हाताळून गुळगुळीत झालेली. दुसरी तिच्या वर. मी घरातला टेप आणला. दोन्हींत अंतर आठ इंच. खालची खाच तळाच्या फळीच्या खुणेपासून चार फूट अकरा इंचांवर होती. ती आधी केलेली होती. त्या फोनच्या आधी, होडीत उकिडवे बसून, नुसत्या डोळ्याने.

पाकिटात पुस्तिकेच्या पुढच्या पानाची झेरॉक्स होती. वर तारा, आणि पुढे इंग्रजीत एक ओळ. तिच्याखाली होडीची उभी चिरलेली आकृती. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. पण आकृतीत एक बाण होता, छपरापासून खाली आलेला, आणि त्याचं टोक फळ्यांच्या आरपार जाऊन पठाणावर टेकलं होतं. ते टोक कुणीतरी पेन्सिलीने गोल केलं होतं.

सोबत कर्णिकांचं पत्र होतं. चौऱ्याण्णवच्या डिसेंबरचं.

"मेस्त्री, तुम्ही छप्पर उतरवण्याआधी मी टेपने मोजलं होतं. फळीपासून बरोबर पाच सात. म्हणजे तुमच्या हातून खूण चुकली नव्हती. ते माझ्या मनातून जाईना, म्हणून शेवटी दोन माणसांचा आधार घेऊन क्लबाचे जिने चढलो. सोबतचं पान बघा. चूक तुमची नव्हती, कागद वाचणाऱ्याची होती. तुमच्या नावाला माझ्या होडीपायी बट्टा लागला हे मला सहन होत नाही. होळीला मी येतो आणि देवळासमोर चारचौघांत हे पान दाखवून सांगतो."

त्याखाली एक आंतर्देशीय पत्र होतं, पुढच्या जानेवारीचं. त्यात चारच ओळी.

"मेस्त्री, तुमचं पत्र पोचलं. तुम्ही शपथ घातलीत, ती मी मोडणार नाही. कुणाला काही सांगणार नाही. होळीलाही येत नाही. फक्त एक विचारतो. तिला तरी सांगितलंत का?"

*

मी काठी घेऊन मांगरात गेले. एकतिसावी खुंटी होती. बाबांनी ती ठोकून ठेवली होती, कधी ते मला ठाऊक नाही.

बाबल्याकाका दारात बसले होते. आता त्यांना फारसं दिसत नाही, तरी रोज संध्याकाळी येऊन मांगराच्या दारात बसतात. बाबा असतानाची सवय.

"कोण ता? हेमांगी?"

"होय, बाबल्याकाका." मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले. कितीतरी वर्षांनी तोंडात ती भाषा आली. "एक सांगूचा होता. टिटवीचा माप बाबांचा चुकला नव्हता. माझा चुकला. मी पुस्तक अर्धाच बघितलंय, आणि सगळा बघितला म्हणान सांगितलंय."

त्यांना आधी कळलं नाही. मग चेहरा उजळला. "टिटवी! घरमेस्त्री!" ते हसायला लागले, दात नसलेल्या तोंडाने, मायेने. "काय हसलव गो त्या दिवसा! तुझो बापूस चिखलात, धोतर भिजलेला..."

"बाबल्याकाका, चूक माझी होती."

हसणं हळूहळू थांबलं. त्यांनी हात पुढे करून चाचपला. मी काठी त्यांच्या हातात दिली. त्यांची बोटं खाचांवरून फिरली, खालच्या फुलीवर थांबली, मग वरच्या.

"माका वाटलाच होता," ते म्हणाले. "त्येचो डोळो चुकाचो नाय. तीस वर्षां त्येच्या होडयेर भायर गेलंय मी."

"मग तुम्ही तेव्हा हसलास कित्याक?"

"हसूक गावला म्हणान हसलव." ते काठी परत देत म्हणाले. "असांदे. आता कोणाक आठवता?"

मी काठी खुंटीवर टांगली. त्या सागाला अजून वास होता. बाबल्याकाका भिंतीचा आधार घेत उठले, दोन पावलं गेले आणि तिथेच पाठमोरे थांबले.

"पण तेव्हा सांगाक होया होतंस गो," ते म्हणाले. "आमका नाय, तर त्येका तरी."

ते गेल्यावर मी काठी पुन्हा खाली काढली. टेप लावला, आणि फळीच्या खुणेपासून खालच्या फुलीपर्यंत तीनदा मोजलं. मग घरात येऊन गार्गीबाईंना उत्तर लिहिलं.

"केबिनची उंची चार फूट अकरा इंच. उभं राहता येणार नाही. माप तळाच्या फळीपासून धरलेलं आहे, पठाणापासून नाही. पुस्तिकेत पाच फूट सात असं आढळेल, ते पठाणापासूनचं आहे. मी स्वतः बघितलं आहे."